कोल्हापूर ते बेळगाव : विमानाने किती मिनिटं?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडमनी सांगितल्यावर मी म्हटलं, "मॅडम, माझं मराठी म्हणजे हॉस्टेलचं मराठी. छापण्यासारखं नाही." मॅडम म्हणाल्या, "मग हॉस्टेलचंच लिही." म्हणून हा प्रपंच! शुद्धलेखनाच्या चुका मॅडमनी काढल्या आहेत. गणिताच्या चुका सापडल्या तर त्या मात्र माझ्या.

विषय निघाला तो मेसमध्ये. गेल्या वर्षीची गोष्ट. माझी रूममेट बेळगावची. एका रात्री अकरा वाजता तिच्या काकांचा फोन आला की आईला दवाखान्यात ॲडमिट केलंय, ऑपरेशन करावं लागेल, निघून ये. हॉस्टेलचं गेट सकाळी सहाला उघडतं. ती रात्रभर बॅग भरून कॉटवर बसून होती. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघी बाहेर पडलो. वडापने वाठार गाठलं, हायवेला उभ्या राहिलो, पुण्याहून बेळगावला जाणारी एक गाडी थांबली आणि ती चढली. दवाखान्यात पोचायला तिला नऊ पन्नास झाले. आईला ऑपरेशनसाठी आत नेऊन तोवर तासभर होऊन गेला होता.

आई आता अगदी ठणठणीत आहेत, दिवाळीला त्यांनी आम्हा सगळ्यांना करंज्या पाठवल्या होत्या. पण आत नेण्याआधी भेट झाली नाही, ही चुटपुट तिला अजून आहे.

त्या दिवशी दुपारी मेसमध्ये हीच चर्चा चालली होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "विमानाने गेली असती तर अर्ध्या तासात पोचली असती. उजळाईवाडीला विमानतळ आहे, बेळगावला सांब्र्याला आहे. अंतर ते केवढंसं!" कुणी म्हणालं वीस मिनिटं, कुणी म्हणालं दहा. आम्ही सगळ्या भावी इंजिनिअर! पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब कुणीच केला नाही. तो मी नंतर केला आणि जे उत्तर आलं ते मलाच अनपेक्षित होतं. तेच इथे सांगणार आहे.

सरळ रेषेत अंतर किती?

रस्त्याने कोल्हापूर ते बेळगाव साधारण ११० किलोमीटर. कागल, निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती ही गावं आपल्याला पाठ आहेत. पण विमानाला निपाणी लागत नाही. त्याचं अंतर अक्षांश-रेखांशावरून काढायचं. शाळेच्या भूगोलात हे आपण शिकतो आणि मार्च संपला की विसरतो.

कोल्हापूर विमानतळ आहे सुमारे १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर. सांबरा आहे १५.८६ अंश उत्तर आणि ७४.६२ अंश पूर्वेला. अक्षांशांतला फरक ०.८० अंश. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणजे दक्षिणेकडे ८९ किलोमीटर जायचं.

रेखांशांतला फरक ०.३३ अंश. इथे एक गंमत आहे. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. आपल्या भागात ते ०.९६ येतं. ०.३३ × १११ × ०.९६ म्हणजे पूर्वेकडे ३५ किलोमीटर.

आता पायथागोरसला हाक मारा. ८९ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ... आलं ९६ किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल असल्यामुळे खरं तर गोलीय त्रिकोणमिती वापरायला हवी, पण एवढ्या जवळच्या अंतराला फरक नावालाच पडतो.

वैमानिक मात्र किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचं माप सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचं मूळ सोपं आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल. त्या मापाने कोल्हापूर-सांबरा अंतर ५२ सागरी मैल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकरा मिनिटांचं गणित कुठे चुकतं?

छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर-७२ जातीचं विमान दिसतं. पंखे असलेली दोन इंजिनं आणि सत्तरच्या आसपास सीट. वर गेल्यावर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरायला हरकत नाही. ९६ भागिले ५०० म्हणजे ०.१९ तास. साडेअकरा मिनिटं! म्हणजे 'दहा मिनिटं' म्हणणारी मैत्रीण बरोबर होती की काय?

नाही. कारण तो वेग वर गेल्यानंतरचा आहे आणि आधी वर जावं लागतं. समजा, विमानाला १२ हजार फुटांवर जायचंय. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २ हजार फुटांवर आहे, म्हणजे १० हजार फूट चढायचे. मिनिटाला सरासरी १२०० फूट धरले तर आठ मिनिटांच्या वर लागतात. चढताना वेग कमी असतो. तो ताशी २०० सागरी मैल धरला तर चढण संपेपर्यंत विमान २८ सागरी मैल पुढे गेलेलं असतं.

आता उतरायचं. वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे. दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल लागतात. सांबरा आहे सुमारे अडीच हजार फुटांवर, म्हणजे साडेनऊ हजार फूट उतरायचे. त्याला लागले २८ सागरी मैल.

चढायला २८, उतरायला २८, बेरीज ५६. आणि आपल्याकडे एकूण अंतर आहे ५२!

म्हणजे बारा हजार फुटांवर पोचायच्या आतच विमानाला उतरायला सुरुवात करावी लागेल. व्यवहारात वैमानिक अर्थातच खालचीच उंची निवडेल. पण मुद्दा हा की ज्या ५०० च्या वेगावर आपण साडेअकरा मिनिटं काढली, तो वेग या प्रवासात जेमतेम मिळतो आणि मिळाला तरी टिकत नाही. वाठारहून वडगावला येताना चौथा गिअर टाकावा आणि लगेच एसटी स्टँडचं वळण यावं, तसला प्रकार!

धावपट्टीची दिशा

अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडली. कोल्हापूरच्या धावपट्टीचा नंबर आहे ०७/२५ आणि सांब्र्याचा ०८/२६. हे नंबर म्हणजे होकायंत्रावरची दिशा, फक्त शेवटचं शून्य काढून टाकलेलं. ०७ म्हणजे ७० अंश, २५ म्हणजे २५० अंश. उत्तर शून्य, पूर्व ९०, पश्चिम २७०. म्हणजे दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत. विमानाला उडताना आणि उतरताना समोरून वारा हवा असतो आणि आपल्याकडे पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. म्हणून तशी रचना.

आणि आपल्याला जायचंय कुठे? मघाच्या त्रिकोणावरून कोन काढला तर दिशा येते १५८ अंश, म्हणजे जवळजवळ दक्षिण. थोडक्यात, कोल्हापुरातून पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून उडायचं, मग काटकोनात वळायचं, बेळगाव जवळ आलं की पुन्हा साधारण काटकोनात वळून धावपट्टीच्या सरळ रेषेत यायचं. त्या रेषेत यायलाही काही मैल आधीपासून तयारी करावी लागते. नकाशावरच्या ९६ किलोमीटरमध्ये ही वळणं कुठेच नसतात.

याशिवाय जमिनीवरचा वेळ. विमान उभं राहिलं की चाकांना ठोकळे लावतात. निघताना ठोकळे काढल्यापासून पोचल्यावर परत लावेपर्यंतचा जो वेळ, तो विमान कंपन्या वेळापत्रकासाठी धरतात. धावपट्टीच्या टोकाला जाणं, परवानगीची वाट पाहणं, उतरल्यावर इमारतीजवळ येणं, सगळं त्यात आलं. यासाठी एक सोपा ठोकताळा वापरता येतो. अंतर भागिले वेग, आणि त्यात अर्धा तास मिळवायचा. तो अर्धा तास म्हणजे चढणं, उतरणं, वळणं आणि जमिनीवर रांगणं.

म्हणजे कोल्हापूर ते बेळगाव : ३० अधिक साडेअकरा, जवळपास ४१ मिनिटं. ९६ किलोमीटरला ४१ मिनिटं म्हणजे सरासरी वेग ताशी १४० किलोमीटर. एवढं दोन इंजिनांचं विमान, आणि सरासरी हायवेवरच्या गाडीपेक्षा थोडी जास्त!

दारापासून दारापर्यंत

पण माझी रूममेट विमानतळावर राहत नाही, हॉस्टेलवर राहते. आणि तिची आई सांब्र्याच्या धावपट्टीवर नव्हती, शहरातल्या दवाखान्यात होती. म्हणून खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा.

समजा, तिच्यासाठी सकाळी विमान तयार उभं आहे, तिकीट हातात आहे.

हॉस्टेल ते उजळाईवाडी, साधारण २५ किलोमीटर, वाहन मिळवण्यासकट : ६० मिनिटं.
काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून पोचायचं त्याच्याही आधी : ७५ मिनिटं.
विमान : ४१ मिनिटं.
उतरणं, सामान, बाहेर येणं : २० मिनिटं.
सांबरा ते शहर : ३० मिनिटं.

एकूण २२६ मिनिटं. म्हणजे तीन तास शेहेचाळीस मिनिटं.

आणि ती वडाप आणि बसने किती वेळात गेली? सहा दहाला निघाली, नऊ पन्नासला पोचली. तीन तास चाळीस मिनिटं!

मी हे गणित दोनदा तपासलं. मग लॅबमध्ये शेजारच्या मुलाकडून तपासून घेतलं. बस सहा मिनिटांनी जिंकली.

थोडं पुढे जाऊन मी समीकरणच मांडलं. वरच्या हिशेबात विमानात बसून वेगाने जाण्याचा भाग सोडला तर बाकी सगळा वेळ ठरलेला आहे. तो येतो साधारण ३.६ तास. मग,

विमानाचा वेळ = ३.६ + अंतर ÷ ५००
स्वतःच्या गाडीचा वेळ = १.२ × अंतर ÷ ६५

इथे अंतर सरळ रेषेतलं आणि १.२ ने गुणलंय ते रस्त्याच्या वळणांसाठी. दोन्ही बाजू सारख्या केल्या की अंतर येतं २१८ किलोमीटर. बससाठी ताशी ५० चा वेग धरला आणि स्टँडवर जाणं-थांबणं यासाठी पाऊण तास दिला तर येतं १३० च्या आसपास. म्हणजे आपल्या हॉस्टेलपुरतं बोलायचं तर एवढ्या अंतराच्या आत विमान वेळ वाचवत नाही, आणि बेळगाव आत आहे. ही काही थिअरम नव्हे. आकडे बदलले की उत्तर बदलेल. पण अंदाज यायला पुरेसं आहे.

आजीचं तिरुपती

मग विमान काय कामाचं? याचं उत्तर आमच्या आजीने दिलं. आजीला हे सगळं सांगत होते, तर ती म्हणाली, "बेळगावाचं ऱ्हाऊ दे गं. तिरुपतीला इमान किती वेळात जातंया ते सांग."

कोल्हापूरकरांना तिरुपतीचं नातं सांगायला नको. तिरुपतीला गेलेल्या माणसाने अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानतात, आणि नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो. आपल्या स्टेशनवरून सुटणारी हरिप्रिया एक्सप्रेस तर सगळ्यांना माहीत आहे. हरिप्रिया म्हणजेच लक्ष्मी. आजी त्या गाडीने आजोबांबरोबर दोनदा जाऊन आली आहे. पण मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल करत ही गाडी दुसऱ्या दिवशी पोचते. वीस तासांच्या वर बसणं आता आजीच्या गुडघ्यांना झेपत नाही.

तर हिशेब! तिरुपतीचा विमानतळ रेणीगुंट्याजवळ आहे, १३.६३ अंश उत्तर, ७९.५४ अंश पूर्व. वरच्याच पद्धतीने अंतर येतं ६५५ किलोमीटर. (स्वतः करून बघा, कोसाइन ०.९६५ घ्या.) एटीआरने अर्धा तास अधिक ७९ मिनिटं, म्हणजे एक तास पन्नास मिनिटांच्या आत. जेट असेल तर आणखी कमी. दारापासून दारापर्यंत सगळं धरून पाच तास.

सरासरी वेग बघा. बेळगावला ताशी १४०, तिरुपतीला ताशी ३६०. वर गेल्यावरचा वेग तोच धरलाय, तरी सरासरी अडीच पटीने जास्त, कारण तो ठरलेला अर्धा तास मोठ्या अंतरावर वाटला गेला. मेसचं बिल दोघींत वाटणं आणि दहा जणींत वाटणं यात जो फरक, तोच.

या मार्गावर २०१९ साली इंडिगोने विमान सुरू केलं. आपल्याच भागातल्या घोडावत समूहाच्या स्टार एअरनेही हा मार्ग चालवला आहे. अशा मार्गांची वेळापत्रकं आणि वार बदलत राहतात, त्यामुळे जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. आजीचा प्रश्न मात्र पुढचाच होता, "रोज जातंय का?" आजीच्या या प्रश्नाकडे शेवटी येते.

मग लहान उड्डाणं कुठे चालतात?

जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर फक्त २.७ किलोमीटर, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं! वारा अनुकूल असेल तर एका मिनिटाच्या आतही झालंय. एवढं अंतर तर आपण वाठार फाट्याकडे चालत जाताना गप्पा मारत संपवतो. पण तिथे मध्ये समुद्र आहे. रस्ता नाही म्हणून विमान आहे.

हवाई बेटांचंही तेच. आणि तिथली एक घटना यंत्र अभियांत्रिकीच्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं पुढचं छप्पर २४ हजार फुटांवर उडून गेलं. एक हवाई सेविका दगावली. वैमानिकांनी विमान तशा अवस्थेत खाली उतरवलं आणि बाकी सगळे वाचले. ते विमान उडालं होतं ३५,४९६ तास आणि त्यात उड्डाणं झाली होती ८९,६८०. भागाकार केला तर एका उड्डाणाला सरासरी २४ मिनिटंसुद्धा येत नाहीत. म्हणजे आपल्या बेळगावसारखीच छोटी छोटी उड्डाणं!

दर उड्डाणाला विमानाच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो, उतरल्यावर कमी होतो. फुगा फुगवावा आणि सोडावा तसं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण फटीग शिकतो ना, तो हाच. वायर एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पन्नास वेळा वाकवली की तुटते. त्या विमानाला तर समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजही धरलेला होता. विमानाचं वय नुसत्या किलोमीटरवरून किंवा तासांवरून ठरत नाही, ते किती वेळा चढलं आणि उतरलं हेही मोजावं लागतं. त्यामुळे ९६ किलोमीटरच्या उड्डाणाने विमान जेवढं झिजतं, त्यातला मोठा भाग ६५५ किलोमीटरच्या उड्डाणातही तेवढाच असतो. फक्त तिकिटाचे पैसे तेवढे मिळत नाहीत.

आपल्या सरकारने छोटी विमानतळं जोडायला ऑक्टोबर २०१६ मध्ये उडान योजना आणली. तासाभराच्या किंवा ५०० किलोमीटरच्या उड्डाणाला काही सीटांसाठी २५०० रुपयांची मर्यादा आणि कंपनीला तूट भरून काढायला मदत. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमानं उडाली, त्यात आपल्या महाराष्ट्रातलं नांदेड ते हैदराबादही होतं. कोल्हापूरलाही याचा फायदा झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला आपला विमानतळ मधली काही वर्षं नियमित विमानाविना होता. एप्रिल २०१८ मध्ये या योजनेतून मुंबईचं १८ सीटचं विमान सुरू झालं. धावपट्टी १३७० मीटरवरून १९३० मीटर झाली आणि १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं.

पण सगळं गोड नाही. २०२३ सालच्या कॅगच्या अहवालानुसार या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ३७१ सुरू झाले आणि तीन वर्षांची मुदत फक्त ११२ मार्गांनी पुरी केली. विमानतळ बांधला म्हणजे विमान येतंच असं नाही, आणि आलं म्हणजे टिकतंच असंही नाही.

सगळ्यात मोठी टर्म

आता आजीचा प्रश्न. "रोज जातंय का?"

समजा, एखादं विमान आठवड्यातून तीनदा जातं. आठवड्याचे १६८ तास, म्हणजे दर ५६ तासांनी एक. तुम्हाला अचानक निघायची वेळ आली तर सरासरी थांबायचं किती? निम्मं, म्हणजे २८ तास. विमान रोज असेल तर १२ तास. आणि दर अर्ध्या तासाला बस असेल तर पंधरा मिनिटं.

तिरुपतीला जाणारा माणूस महिनाभर आधी ठरवतो, त्याला हे २८ तास लागू होत नाहीत. तो विमानाचा वार बघून आपला वार ठरवतो. पण ज्याच्या घरून रात्री अकराला फोन येतो, त्याला हा थांबण्याचा वेळ पुरा भरावा लागतो. त्याच्यासाठी विमान किती मिनिटांत जातं यापेक्षा कधी निघतं हे जास्त महत्त्वाचं आहे.

आपल्या वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. त्या काळी लांबच्या प्रवासाचं माप होतं मजल. एका दिवसात जेवढं जाऊन मुक्काम करता येईल तेवढी एक मजल. म्हणजे अंतर वेळेतच मोजायचे! घोडा बदलायला मिळेल का, नदी उतरेल का, हे सगळं त्यात धरलेलं. आपण किलोमीटर मोजायला लागलो आणि हे विसरलो.

मग मी रूममेटचा हिशेब परत मांडला. फोन आला रात्री अकराला, ती पोचली नऊ पन्नासला. एकूण दहा तास पन्नास मिनिटं. त्यातला प्रवास तीन तास चाळीस मिनिटं. उरलेले सात तास दहा मिनिटं ती कुठे होती? रूम नंबर चौदामध्ये, कॉटवर, बॅग मांडीवर घेऊन. गेट उघडायची वाट बघत.

विमान नाही, बस नाही, हायवे नाही. सगळ्यात मोठा वेळ आमच्या हॉस्टेलमध्येच गेला होता.

हे कागदावर बघितल्यावर मला राहवलं नाही. रेक्टर मॅडमना दाखवायचं ठरवलं. आधी जरा भीतीच वाटली, म्हटलं तक्रार केली असं व्हायचं. मॅडमनी शांतपणे सगळा हिशेब वाचला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, मला उठवायचं होतंस की! मी गेट उघडून दिलं असतं. शिपाईमामांना बरोबर पाठवलं असतं."

आम्ही त्यांना उठवलंच नव्हतं. रात्री मॅडमना उठवायचं असतं हे आम्हाला सुचलंच नाही. आउटपासचे नियम सगळ्यांना तोंडपाठ, पण अडचणीच्या वेळी काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनाही वाटायचं की मुलींना माहीत असेल. ना त्यांनी कधी सांगितलं, ना आम्ही कधी विचारलं.

आता आपल्या नोटीस बोर्डवर उजव्या कोपऱ्यात एक कागद लावलाय तो बघितला असेलच. त्यावर वाठारला थांबणाऱ्या रात्रीच्या गाड्यांच्या अंदाजे वेळा आहेत, पुणे बाजूच्या आणि बेळगाव बाजूच्या. कोल्हापूरहून सुटणाऱ्या रेल्वेच्या वेळा आहेत. उजळाईवाडीहून कुठल्या वारी कुठे विमान आहे तेही आहे, दर महिन्याला मी आणि रूममेट ते तपासून बदलतो. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलंय : 'घरी अडचण असल्यास रात्री कधीही दार वाजवा.' बॉइज हॉस्टेलच्या सरांनीही तसाच कागद मागून नेला आहे. प्राध्यापक आणि कर्मचारी मंडळींपैकी कुणी रात्री गाडीने हायवेपर्यंत सोडू शकत असतील तर त्यांनी आपलं नाव मॅडमकडे द्यावं, अशी विनंती. दोन नावं आलीसुद्धा आहेत.

आणि आजी? तिला पाच तासांचा हिशेब समजावून सांगितला. विमानाच्या वाराप्रमाणे तारीख बघू म्हटलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू संगट येत असशील तर कुठल्याबी वारी चालंल."

सबमिशन संपलं की जाऊ म्हणते!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी